कुंडीखालचा किडा आणि टबातल्या अळ्या

मी पशुसखी बोलतेय. आज कोंबड्यांच्या लसीबद्दल बोलायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या वेळी. मागच्या आठवड्यात आपल्या एका ताईंनी फोनवर एक प्रश्न विचारला. तो ऐकून इथं बसलेल्या दोघी-तिघी हसल्या. मला मात्र तो फार आवडला, म्हणून आजचा सगळा वेळ त्यालाच.

ताईंचा मुलगा पुण्यात शिकायला आहे. सुट्टीत घरी आला तेव्हा त्यानं आईला मोबाईलवर दाखवलं की अमेरिकेत, युरोपात लोक काचेच्या पेटीत पाली आणि बेडूक पाळतात. त्यांना खायला घालण्यासाठी एक राखाडी किडा प्लास्टिकच्या डब्यात मुद्दाम वाढवतात, विकतसुद्धा घेतात. ताईंनी तो किडा लगेच ओळखला. तुम्हीही ओळखाल. ओलसर जागची कुंडी उचलली, मोरीपाशी पडलेली वीट सरकवली की खाली चिलखत घातल्यासारखे बारके किडे पळायला लागतात. काही जातींना बोट लावलं की त्या मिरीच्या दाण्यासारखी गोळी होऊन बसतात. ताई म्हणाल्या, "तिकडं पैसे मोजून आणतात, आपल्याकडं फुकटात पडलाय. कोंबड्यांसाठी पाळला तर?"

आधी या किड्याची ओळख करून घेऊ. खरं तर तो किडाच नाही. मुंगी, झुरळ, माशी यांना सहा पाय असतात. याला सात जोड्या, म्हणजे चौदा पाय. हा खेकडा आणि कोळंबीच्या भावकीतला, पाणी सोडून जमिनीवर राहायला आलेला. पण पाण्याची सवय सुटली नाही. पोटाखाली कल्ल्यांसारखे अवयव असतात, त्यांनीच तो श्वास घेतो आणि ते कायम ओलसर लागतात. म्हणून उन्हात टाकला तर सुकून मरतो, आणि पाण्यात बुडाला तरी मरतो. मादी अंडी जमिनीवर टाकत नाही. पोटाखाली पातळ पिशवी असते, तिच्यात अंडी सांभाळते, आणि पिल्लं त्या पिशवीतूनच बाहेर येतात, पांढरी, खसखशीएवढी. कात टाकतो तीही दोन हप्त्यांत. आधी मागची अर्धी, मग काही दिवसांनी पुढची. त्यामुळे कधीकधी एखादा किडा मागून फिका आणि पुढून गडद दिसतो. तो आजारी नसतो, त्याचं अर्धं काम व्हायचं असतं.

परदेशातले लोक त्याला पाळतात ते दोन कारणांसाठी. एक म्हणजे त्याच्या कवचात चुना भरपूर असतो आणि पालीच्या हाडांना तो लागतो. दुसरं म्हणजे तो उत्तम सफाईवाला आहे. कुजलेला पाला, बुरशी, पालीची विष्ठा सगळं खातो, म्हणून पेटी साफ राहते. पाळायची रीतही सोपी. डब्यात माती, वर वाळलेला पाला, कुजक्या लाकडाचा तुकडा, एक बाजू ओली आणि एक कोरडी, आणि चुन्यासाठी समुद्रफेन. आपल्याकडं काष्टौषधीच्या दुकानात मिळतो तोच समुद्रफेन.

इथं एक गोष्ट सांगून टाकते, कारण पोरं हे व्हिडिओ बघतात आणि मग रानातून काहीतरी उचलून आणतात. आपल्या रानातली घोरपड, कासव, साप घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. कासवानं लक्ष्मी येते म्हणून बादलीत कासव ठेवणाऱ्यांनीही ऐकून घ्या. पितळेचं ठेवा, त्याला कुणाची हरकत नाही.

आता ताईंच्या प्रश्नाकडं येते. कोंबड्यांसाठी हा प्राणी पाळू नका, असं मी सांगेन.

पहिलं कारण त्याची चाल. हा सावकाश वाढतो, पिल्लू मोठं व्हायला महिने जातात. पालीचं पोट ते केवढं, चार-सहा खाल्ले की तिचं भागतं. आपली गावरान कोंबडी म्हणजे उकिरड्यावर सकाळी उतरली की मान वर न करणारी. सहा महिने सांभाळलेला डबा दहा कोंबड्या एका सकाळी साफ करतील आणि पुन्हा तुमच्या तोंडाकडं बघत उभ्या राहतील.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कोंबडीच्या आणि रानपाखरांच्या पोटात राहणारा एक जंत आहे. त्याची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात. हा चौदा पायांचा सफाईवाला ती विष्ठा खातो आणि जंताचं पिल्लू त्याच्या अंगात वाढतं. मग कोंबडीनं तो प्राणी खाल्ला की जंत तिच्या पोटात पोचतो आणि दाणे दळणाऱ्या कडक पोटाच्या आधी जी नरम पिशवी असते तिच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतो. कोंबडी खाते पण अंगाला लागत नाही. हातात धरली की छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं लागतं. म्हणून खुराड्याजवळचे हे किडे गोळा करून मुद्दाम घालू नका. कोंबडीनं स्वतः उकरून दोन-चार खाल्ले तर घाबरायचं कारण नाही, जंताचं औषध वेळच्या वेळी द्या म्हणजे झालं.

पण ताईंची मूळ कल्पना, की कोंबडीचा दाणा विकत आणण्यापेक्षा जिवंत खाद्य घरीच तयार करावं, ती अगदी बरोबर आहे. कोंबडीपालनात निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचा असतो. आपण मका, ज्वारी, कणी घालतो. त्यानं पोट भरतं. पण मक्यात प्रथिनं शंभरात आठ-नऊच भाग. अंडी घालणाऱ्या कोंबडीला साधारण सोळा भाग लागतात. उरलेलं ती किडे-मुंग्या खाऊन भरून काढते. खुराड्यात कोंडली तर कुठून काढणार? माझी आजी पावसाळा संपला की वाळवीचं ढेकूळ फोडून आणायची आणि पिल्लांपुढं आपटायची. पिल्लं अशी तुटून पडायची की आम्हा पोरांना त्यांची भीती वाटायची. तिला प्रथिनं हा शब्द माहीत नव्हता, पण वाळवी खाल्लेली पिल्लं लवकर पिसं धरतात हे माहीत होतं.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती आधी सांगितल्याशिवाय अळ्यांची कृती सांगायची नाही, असं मी ठरवलंय.

पशुसखीचं प्रशिक्षण घेण्याच्या आधीची गोष्ट. माझ्याकडं अकरा कोंबड्या होत्या. ओढ्याकडेला कुणीतरी मेलेली शेळी तशीच टाकून दिली होती. दोन-तीन दिवसांत तिच्यात अळ्या वळवळायला लागल्या. आमच्या कोंबड्यांना त्याचा पत्ता लागला. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, फुकटचं खातायत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक कोंबडी पाय मुडपून बसली. पंख सैल पडले, मान पुढं जमिनीवर टेकली. उचलून धरली तर मान ओल्या फडक्यासारखी लोंबली. रात्रीत आणखी तीन बसल्या. जाऊबाई म्हणाल्या मानमोडी आली. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. चौथ्या दिवसापर्यंत अकरातल्या सात गेल्या.

गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी मान बघितली, एक पीस ओढलं तर ते सहज हातात आलं. मग पहिला प्रश्न विचारला, "जवळपास काही मेलेलं पडलंय का?" मानमोडीत कोंबडीची मान पिळवटते, वाकडी होते. हिची लुळी पडली होती. मेलेल्या जनावरात एका जातीचे जंतू विष तयार करतात. ते विष अळ्यांच्या अंगात साठतं. अळीला काही होत नाही, पण तीच अळी खाल्लेल्या कोंबडीच्या नसा बधिर होतात आणि ती श्वास कोंडून मरते. घरात त्यावर औषध नाही. थोडं खाल्लेलं असेल तर एखादी वाचते, माझ्या चार वाचल्या.

त्या सात कोंबड्यांच्या अंड्यांवर पोरीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च चालायचा. म्हणून कळकळीनं सांगते. मेलेलं जनावर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा, वर चुना टाका. आणि अशा रोगानं मेलेली कोंबडी "वाया कशाला घालवायची" म्हणून शिजवू नका. आपण ज्या अळ्या वाढवणार आहोत त्यांच्या टबात मटण, मासळी, मेलेला उंदीर, काहीही मांसाचं जायला नको. मी हे अडाणीपणानं शिकले, तुम्ही ऐकून शिका.

तर कुठल्या अळ्या? एक माशी आहे, ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाची. मी तिला नुसती काळी माशी म्हणते. मूळची अमेरिका खंडातली, आता जगभरच्या उबदार मुलखात पसरली आहे, आपल्याकडंही आहे. बोटाच्या पेराएवढी लांब, काळी, गांधीलमाशीसारखी दिसते, म्हणून बाया पहिल्यांदा बिचकतात. तिला डंख नाही, चावायचं तोंड नाही. मोठी झाली की ती जवळजवळ काही खातच नाही, पाणी पिते, आठवडा-दोन आठवडे जगते आणि अंडी घालून मरते. त्यामुळे घरमाशीसारखी शेणावरून उठून भाकरीवर बसत नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडं गांडूळखताचा वाफा आहे त्यांनी हिच्या अळ्या नक्की पाहिल्या असतील. चपट्या, वळ्यावळ्यांच्या, जाड कातडीच्या, आधी मळकट पांढऱ्या आणि शेवटी तपकिरी-काळ्या. घरमाशीची अळी मऊ, पांढरी आणि एका टोकाला निमुळती असते. हा फरक ओळखता आला पाहिजे. पुष्कळ बाया काळ्या माशीच्या अळ्या दिसल्या की खताला रोग पडला समजून रॉकेल ओततात. ओतू नका, वेचून कोंबड्यांना घाला.

अंड्यापासून माशीपर्यंत तिचा फेरा साधारण दीड महिन्याचा. मादी एका वेळी पाचशेच्या आसपास अंडी घालते. अंडी चारेक दिवसांत फुटतात. अळी उबेत दोन-तीन आठवडे नुसती खाते. मग तिचं खाणं थांबतं, पोट रिकामं करते, रंग काळपट होतो आणि कोरडी, अंधारी जागा शोधत वर चढायला लागते. याच सवयीचा आपण फायदा घ्यायचा.

सुरुवात पावसाळ्यात किंवा पावसाळा संपता संपता करा. मी जूनमध्ये केली. जुना प्लास्टिकचा टब घेतला. बुडाला दोन-तीन भोकं पाडली, आत नारळाच्या काथ्याचा थर दिला, म्हणजे पाणी निथळतं पण अळी पडत नाही. टब चार विटांवर, सावलीत, घराच्या वाऱ्याखाली ठेवला. विटा पाण्यानं भरलेल्या ताटल्यांत, नाहीतर मुंग्या एका रात्रीत सगळं उचलून नेतात. मक्याचा भरडा दुप्पट पाण्यात भिजवून झाकून ठेवला. चौथ्या दिवशी आंबूस वास सुटला. ते पाणी आणि भरडा टबात ओतला, वर भाजीची सालं, नासका टोमॅटो, कोंडा. या वासावर काळी माशी येते. ती अंडी ओल्यात घालत नाही, ओल्याच्या वरती कोरड्या फटीत घालते. म्हणून नळ्या-नळ्यांचा खोक्याचा पुठ्ठा असतो ना, त्याचे तुकडे दोऱ्यानं बांधून टबाच्या काठाला लटकवले. आठवडाभर काही झालं नाही. मी सोडून देणार होते. नवव्या दिवशी पुठ्ठ्याच्या नळीत फिकट पिवळसर बारीक शेवयांच्या चुऱ्यासारखी अंडी दिसली.

खायला काय घालायचं? भाजीची देठं, फळांची सालं, शिळा भात, आंबलेली भाकरी, ताकाची निवळ, कोंडा. औषध मारलेल्या पिकाचा पाला घालायचा नाही. मीठ-मसाला, तेल कमी. आणि कोंबड्यांची विष्ठा अजिबात नाही. अळी ती खाऊन टाकते हे खरं, पण तीच अळी त्याच कोंबड्यांना घातली तर रोग फिरून घरात आला. टबातला ओलावा पिळलेल्या फडक्याएवढा असावा. मुठीत दाबलं तर एखादा थेंब, धार नाही. चार बोटांपेक्षा जाड थर घालू नका, खाली हवा जात नाही आणि मग वास मारतो. एका दिवसात संपेल तेवढंच टाका. अळ्या जोमात आल्या की टबाला आतून ऊब येते, हात लावून बघा. चांगलाच तापला तर खाणं कमी करून हलवून घ्या.

हे ओलाव्याचं मी सांगतेय ते हौस म्हणून नाही. माझ्या पहिल्या टबात पाणी जास्त झालं आणि झाकण घट्ट होतं. आतून सगळ्या कडा घामेजल्या. अळी कोरड्या भिंतीवर घसरते, पण ओल्या भिंतीवर गोगलगायीसारखी चढते. टब तेव्हा मागच्या पडवीत होता. पहाटे आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, देवपूजेला उठल्या. देव्हाऱ्यापुढं वीस-पंचवीस अळ्या वाटचाल करत होत्या. त्या दिवशी मला जे ऐकावं लागलं ते रेडिओवर सांगता येणार नाही. टब त्याच सकाळी गोठ्यामागं गेला, आणि तेच बरोबर होतं. घरालगत ठेवूच नका.

अळ्या वेचायला हात घालावा लागत नाही. टबाच्या एका कडेला तिरकी फळी लावा, फार चढ नको, जिन्याच्या कठड्याएवढा तिरपा असला की बास. फळी बाहेर एका डब्यावर संपली पाहिजे. डब्यात थोडा कोरडा भुसा. काळपट झालेल्या अळ्या रात्री आपल्या पायांनी, म्हणजे पाय नसतातच त्यांना, आपल्या आपण फळी चढतात आणि डब्यात पडतात. सकाळी डबा उचलायचा. फिकट, खात्या अळ्या मागं टबातच राहतात.

डब्यातल्या सगळ्या कोंबड्यांना घालून मोकळ्या होऊ नका. दर दहा मुठींतली एखाद-दुसरी मूठ कोरड्या मातीच्या घमेल्यात, जाळीखाली किंवा जुन्या मच्छरदाणीच्या आडोशाला राखून ठेवा. पंधरवड्यात त्यांच्या माश्या होतात. मच्छरदाणीला ऊन लागलं पाहिजे, उजेडाशिवाय त्यांचं जुगणं होत नाही. आत पाण्याचं ओलं फडकं आणि आंबलेल्या भरड्याच्या वाटीवर पुठ्ठा. हे जमलं की माशीची वाट बघत बसावं लागत नाही. नाही जमलं तर उघड्या टबावर येणाऱ्या रानमाशीवर भागवा, मी पहिलं वर्षभर तेच केलं.

आता हिशेब. तयार अळी सुकवून मोजली तर शंभर ग्रॅममध्ये साधारण ४० ग्रॅम प्रथिनं आणि ३० ग्रॅम चरबी, आणि चुनाही चांगला असतो. पण ताज्या अळीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं हे लक्षात ठेवा. एका मोठ्या कोंबडीला दिवसाला वीस-पंचवीस अळ्या, म्हणजे पाचेक ग्रॅम. दहा कोंबड्यांना रोज ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो. एका मादीच्या पाचशे अंड्यांतल्या सगळ्या जगल्या तर शंभरेक ग्रॅम अळ्या होतात. म्हणजे महिन्याला पंधरा माद्यांची अंडी आणि दहा-पंधरा किलो ओला कचरा. रोजचा अर्धा किलो कचरा कुठल्याही घरात निघतो. सगळ्या अळ्या जगत नाहीत, त्यामुळे कागदावरच्या हिशेबातून निम्मं वजा करा. तरी जे उरतं ते फुकटचं आहे.

यापेक्षा जास्त घालू नका. चरबीनं कोंबडी जड होते आणि अंडी कमी होतात. मका, हिरवा पाला, शिंपल्यांचा चुरा चालूच ठेवा. अळ्या घातल्या म्हणून लस चुकवू नका. घालण्याआधी अळ्या दिवसभर कोरड्या कोंड्यात ठेवा, मग धुवा. पिल्लांना घालायच्या असतील तर उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा, त्यांची चोच लहान असते. तशाच उन्हात खडखडीत वाळवल्या तर डब्यात टिकतात. टबाच्या तळाशी उरलेला काळा भुगा परसबागेला चालतो, पण महिनाभर मुरवून मग.

शेजारणींची तक्रार येणार, माश्या वाढतील म्हणून. उलटं होतं. या अळ्या जिथं दाट असतात तिथं घरमाशी सहसा अंडी घालत नाही. पण टब घाण सोडला तर दोन्ही येतील, तेव्हा तक्रारीला जागा आहे.

अजून एक. बाहेर देशांत याच अळ्यांचे मोठे कारखाने आहेत. युरोपात २०२१ पासून कोंबड्यांच्या खाद्यात किड्यांची प्रथिनं वापरायला परवानगी आहे. ही बातमी दाखवून आता गावोगाव माणसं यायला लागली आहेत. शेजारच्या गावातल्या एका बचत गटाकडं असाच एक जण जीपमधून आला. ट्रे आमच्याकडून घ्या, अंडी आमच्याकडून घ्या, अळ्या आम्हीच विकत घेऊ. गटानं बचतीतले पैसे भरले. पहिला माल त्यानं उचलला, पैसेही दिले. दुसऱ्या वेळी फोन बंद. पोतंभर वाळवलेल्या अळ्या अध्यक्ष ताईंच्या माळ्यावर पडून होत्या, नंतर त्यांनी सगळ्या जणींना कोंबड्यांसाठी वाटून टाकल्या. इमूच्या वेळी, कडकनाथच्या वेळी काय झालं ते आपण विसरलो नाही. कुणी "विकत घेऊ" म्हणालं की आधी विचारा, किती जणींचा माल घेतला, त्यांचे नंबर द्या. मी ही कृती सांगितली ती तुमच्या खुराड्यातल्या कोंबड्यांसाठी. त्यासाठी एक फुटका टब लागतो, कर्ज लागत नाही.

थंडीचं सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर गारठा पडला की अळ्या मंदावतात, माशी अंडी घालायची थांबते. तेव्हा टब बारदानात गुंडाळा, खाणं निम्मं करा, उगाच ढीग घालू नका, तो सडतो. राखून ठेवलेल्या काळ्या अळ्या मातीत तशाच झोपून राहतात. ऊन चढलं की हलायला लागतील. उन्हाळ्यात उलट, पुठ्ठ्यातली अंडी सुकून जातात, म्हणून टबाभोवती ओलं बारदान.

आमच्याकडं आता दोन टब आहेत. सकाळचा डबा आत्याबाईच उचलतात. हात लावत नाहीत, चिमट्यानं झाकण काढतात, पण मोजतात. परवा म्हणाल्या, "आज कमी पडल्यात, काल काय घातलं होतंस गं?" मी कांद्याची सालं घातली होती. कांदा, लसूण, लिंबाची सालं थोडीच घाला, अळ्या त्यांना तोंड लावत नाहीत.

कुणाच्या टबात काही बिघडलं तर फोन करा, अळ्यांचा रंग आणि वास कसा आहे ते सांगा. पुढच्या वेळी राहिलेली लस घेऊ, तेव्हा पिल्लं किती दिवसांची आहेत ते मोजून ठेवा.